मैदान बघणारा मातीत कधी उतरतो?

कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात मोठी जोड लागली की एकदा कुस्ती सोडून बघणाऱ्यांकडे बघा. खाली पैलवानानं पटाला, म्हणजे समोरच्याचा पाय धरून पाडायच्या डावाला, हात घातला की वर बसलेल्याचा खांदा आपोआप पुढं सरकतो. कुणी शेजाऱ्याचं मनगट गच्च धरतं, कुणी दातओठ खातं. ‘मान सोडव, मान सोडव’ म्हणून ओरडणारा स्वतःचीच मान आक्रसून बसलेला असतो. हलगी कडकडत असते, निवेदक पैलवानाचं गाव आणि वस्तादाचं नाव पुकारत असतो. तेवढ्या वेळात कितीतरी तरण्या पोरांच्या मनात येतं, उद्यापासून आपणही तालमीत जायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र त्यातले फार थोडे उठतात.

बघण्यानं अंगात जी ऊर्मी येते तिचं पुढं काय होतं, यावर मानसशास्त्र, मेंदूविज्ञान आणि क्रीडाशास्त्र या तिन्ही बाजूंनी बराच अभ्यास झालाय. कुस्ती बघत वाढलेल्या कोल्हापूरकरानं तो समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. त्यातून निघणारी गोष्ट सरळ आहे. चाहत्याला चढणारा जोश खरा असतो, पण तो लवकर उतरतो. तो उतरायच्या आत जवळचं एखादं दार आणि ओळखीचं एखादं माणूस सापडलं, तरच चाहता सरावाला लागतो.

बघताना अंगात काय होतं

१९९० च्या दशकात इटलीतल्या पार्मा इथले शास्त्रज्ञ माकडांच्या मेंदूतल्या पेशींचा अभ्यास करत होते. माकड स्वतः एखादी वस्तू उचलतं तेव्हा ज्या पेशी कामाला लागतात, त्यातल्या काही पेशी दुसऱ्या कुणाला तीच वस्तू उचलताना नुसतं बघूनही कामाला लागतात, असं त्यांना दिसलं. माणसात हे इतकं नेमकं मोजता येत नाही, पण स्कॅनमध्ये एवढं दिसतं की हालचाल बघताना मेंदूतले हालचालीचे भागही जागे होतात. गॅलरीतला खांदा पुढं सरकतो त्यामागं ही यंत्रणा असावी असं मानतात. आपण डोळ्यांनी बघतो तेव्हा अंगही आतल्या आत थोडी तालीम करत असतं.

२००५ साली लंडनमधला एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध झाला. बॅले नाचणारे, कॅपोएरा हा ब्राझीलचा लढाऊ नृत्यप्रकार करणारे आणि नाचाशी काहीही संबंध नसलेले लोक अशा तीन गटांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून दोन्ही प्रकारच्या फिती दाखवल्या. बॅलेवाल्यांच्या मेंदूतले हालचालीचे भाग बॅले बघताना जास्त जागे झाले, कॅपोएरावाल्यांचे कॅपोएरा बघताना. ज्यांनी यातलं काहीच केलेलं नव्हतं त्यांच्यात असा फरक दिसला नाही. म्हणजे जे आपल्या अंगानं केलंय, ते आपण जास्त खोलवर बघतो. चाहत्याच्या दृष्टीनं हे फार महत्त्वाचं आहे, त्याकडे पुढं येतो.

दुसरा भाग रसायनांचा. १९९४ च्या फुटबॉल विश्वचषकाचा ब्राझील-इटली अंतिम सामना बघणाऱ्या चाहत्यांची लाळ सामन्याच्या आधी आणि नंतर तपासली गेली. ब्राझील जिंकल्यावर त्यांच्या चाहत्यांचं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वाढलेलं होतं, इटलीच्या चाहत्यांचं घटलेलं. मैदानात यातला एकही जण उतरला नव्हता. अभ्यास छोटा होता, त्यावर फार मोठे इमले बांधू नयेत. पण आपल्या तालमीचा पैलवान जिंकल्यावर छाती का फुगते याचा थोडा उलगडा त्यातून होतो. आणि ही पातळी फार काळ तशीच राहत नाही. रात्री मैदानावरून घरी येताना केलेला निश्चय सकाळी ढिला पडतो, याचा दोष सगळाच आळसाला देण्यात अर्थ नाही.

मग सगळे चाहते तालमीत का दिसत नाहीत

ऑलिंपिक भरवणारे देश नेहमी सांगतात की स्पर्धा बघून लोक खेळायला लागतील. लंडनच्या २०१२ च्या स्पर्धेतही तरुण पिढीला प्रेरणा देण्याची भाषा होती. त्या स्पर्धेच्या काही वर्षं आधी ब्रिटनमधल्या अभ्यासकांनी या विषयावरचे जगभरातले अभ्यास एकत्र तपासले होते. निष्कर्ष थोडा निराश करणारा आहे. आजवर काहीच न केलेला माणूस नुसती मोठी स्पर्धा बघून खेळाकडे वळतो, याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. मात्र जे आधीपासून थोडंफार करतात ते जास्त करू लागतात आणि ज्यांनी पूर्वी करून सोडलंय ते परत येऊ शकतात, असं दिसलं.

यातला शेवटचा भाग कोल्हापूरला अगदी लागू आहे. इथं लहानपणी चार-सहा महिने तालमीत जाऊन आलेली, मग दहावी-बारावी, नोकरी, दुकान यात अडकलेली माणसं गल्लोगल्ली आहेत. शंभर बैठका मारल्याची आठवण त्यांच्या अंगात कुठंतरी शिल्लक आहे. मैदान बघून परत सुरुवात होण्याची खरी शक्यता त्यांच्यात जास्त आहे. तुम्ही त्यांपैकी असाल तर हा लेख सगळ्यात आधी तुमच्यासाठी आहे.

नवख्याचं काय? इथं अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाचं काम उपयोगी पडतं. ‘हे मला जमेल’ असं माणसाला कशामुळं वाटतं याचे चार मार्ग त्यानं १९७७ मध्ये मांडले. स्वतः करून बघितल्यावर, दुसऱ्याला जमलेलं बघून, कुणी भरवसा दिल्यावर आणि आपल्या अंगाची त्या वेळची अवस्था कशी आहे त्यावरून. यात स्वतः करून बघण्याचा परिणाम सगळ्यात मोठा. बघण्याचाही परिणाम होतो, पण त्याला एक अट आहे: ज्याला बघतोय तो आपल्यासारखा वाटला पाहिजे.

टीव्हीवरचा जगज्जेता आपल्यासारखा वाटत नाही, घोडं इथंच अडतं. त्याला बघून आपण थक्क होतो, त्याचे फोटो मोबाइलवर लावतो, आणि मनात कुठंतरी ठरवून टाकतो की हे काम वेगळ्या मातीच्या माणसांचं आहे. उलट शेजारच्या बोळातला, कालपर्यंत आपल्याबरोबर विटी-दांडू खेळणारा पोरगा तालमीत जाऊन पैलवानासारखे कान मोडून घेऊन फिरायला लागला की पोटात काहीतरी हलतं. ह्याला जमलं, मग मला का नाही? चाहतेपणाचं सरावात रूपांतर बहुतेक वेळा या प्रश्नापासून सुरू होतं. म्हणून नवख्यानं नायक म्हणून कुणालाही मानावं, पण नमुना म्हणून आपल्यापेक्षा सहा महिने पुढं असलेला माणूस शोधावा.

कोल्हापुरात दार जवळ आहे

राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले होते. रोममधलं प्राचीन गोल क्रीडागार त्यांनी पाहिलं आणि त्या धर्तीवर कोल्हापुरात कुस्तीचं मैदान बांधलं. १९१२ मध्ये खासबाग उभं राहिलं. मधला कुस्तीचा हौद, भोवती चढत जाणारी गोलाकार बैठक, त्यामुळं शेवटच्या ओळीत बसलेल्यालाही कुस्ती दिसते. बघणाऱ्याचा इतका विचार करून बांधलेलं मैदान आपल्या गावात शंभर वर्षांहून जास्त काळ आहे.

पण महाराजांचं मोठेपण नुसतं मैदान बांधण्यात नाही. कुस्तीला राजाश्रय मिळाला, मल्लांच्या खुराकाची सोय झाली, पेठापेठांतल्या तालमी जोमानं चालल्या. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी ही नावं महाराष्ट्रभर पोहोचली. मैदानात पेटलेली इच्छा घरी जाताना वाटेतच तालमीच्या दारापाशी पोहोचायची. ऑलिंपिकच्या अभ्यासात जे कमी पडलेलं दिसतं ते इथं होतं: बघण्याची जागा आणि करण्याची जागा एकमेकींपासून चालत जाण्याइतक्या जवळ. आज कितीतरी तालमींमध्ये आखाड्यापेक्षा गणपती आणि फुटबॉल जोरात आहे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही फुटबॉलची नावं तालीम मंडळांचीच आहेत. मला याचं वाईट वाटत नाही, पोरं मैदानावर आहेत ना, मग झालं. पण आखाडा जिथं जिवंत आहे तो जपायला हवा, एवढं खरं.

चाहत्यांचं बळ किती दूर जातं याचं उदाहरण खाशाबा जाधवांचं. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकला. मातीत घडलेल्या खाशाबांना १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर लढावं लागलं, तरी ते सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्यांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या पैशातून प्राचार्यांचं देणं फेडलं. तिकीट काढून कुस्ती बघायला आलेल्या माणसांचा त्या परतफेडीत वाटा होता.

डाव दिसतो, मेहनत दिसत नाही

आजचा तरुण चाहता कुस्तीपर्यंत अनेक वाटांनी येतो. कुणी यूएफसीच्या मिश्र युद्धकलेच्या लढती बघून, कुणी ऑलिंपिक बघून, कुणी गावोगावच्या जत्रांतली मैदानं यूट्यूबवर थेट बघून. कुणी लहानपणी डब्ल्यूडब्ल्यूई बघून आलेला असतो. तिथले निकाल आधी ठरलेले असतात हे कळल्यावरही ओढ टिकते, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. कुठल्याही वाटेनं आलेल्याला एक गोष्ट मात्र समजून घ्यावी लागते. पडद्यावर दिसतो तो डाव, म्हणजे महिनोन्महिन्यांच्या कामाचा शेवटचा अर्धा सेकंद.

एकेरी पटाचंच बघू. बघणाऱ्याला दिसतं की पैलवान खाली वाकला, समोरच्याचा पाय धरला आणि त्याला पाडलं. खरा डाव त्याच्या आधी सुरू झालेला असतो. मानेवर हात ठेवून तो समोरच्याला हलकेच खाली ओढतो. तोल सांभाळायला समोरचा एक पाय पुढं टाकतो आणि त्या पायावर वजन येतं. त्याच क्षणी गुडघे मोडून, पाठ सरळ ठेवून आत शिरायचं. कंबरेत वाकून गेलात तर मान त्याच्या कवेत सापडली. डोकं वर ठेवून त्याच्या बरगडीला चिकटवायचं, छाती त्याच्या मांडीला, हात गुडघ्यामागं. मग सरळ मागं न ढकलता बाजूला वळवत न्यायचं, कारण त्या दिशेला त्याला टेकायला दुसरा पाय नसतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. एकदा आपल्या अंगानं असा पट काढून बघितला, साधला किंवा फसला, की पुढच्या मैदानात तुमची नजर हाताऐवजी समोरच्याच्या पुढच्या पायावर जाते. नर्तकांच्या प्रयोगात दिसलं ते हेच.

म्हणून नवीन पोरगा आला की जुने वस्ताद त्याला लगेच डाव देत नाहीत.

“कुनाचा रं तू?”

“शिवाजी पेठेतला हाय, वस्ताद. ढाक शिकायची हाय.”

“आदी माती उकर. ढाक कुठं पळून जात न्हाई.”

असा संवाद कुठल्याही आखाड्यात ऐकू येईल, आणि त्यात शहाणपण आहे. आखाड्यातली लाल माती चाळलेली असते, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मिसळलेलं असतं, आणि तुडवून तुडवून ती घट्ट बसते. ती रोज फावड्यानं उकरून वरखाली करायची. पाच मिनिटांत हातांची पकड सुटायला लागते, कंबर बोलायला लागते, ओल्या मातीचा आणि तेलाचा वास नाकात भरतो. पकड, खांदे, पाठ आणि दमसास यांना एकाच कामात मेहनत मिळते. त्यानंतर जोर, बैठका, दोरखंड. लढत त्याच्याही नंतर.

पहिल्या दोन महिन्यांत अंग काय म्हणतं

सगळ्यात जास्त चाहते इथं गळतात, म्हणून हे आधीच माहीत असलेलं बरं. पहिल्या दिवशी फार काही वाटत नाही. दुखणं दुसऱ्या दिवशी वाढतं आणि साधारण २४ ते ७२ तासांत शिगेला जातं. जिना उतरताना मांड्या भरून येतात. नव्या कामानं स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, त्यातून हे दुखणं येतं आणि आपोआप जातं. तिसऱ्या दिवशी घरी बसण्यापेक्षा हलका व्यायाम करावा. मात्र सांध्यात एका ठिकाणी टोचणारं दुखणं, सूज किंवा लघवीला गडद चहासारखा रंग दिसला तर सराव थांबवून डॉक्टरांकडे जायला हवं.

पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढल्यासारखी वाटते, पण आरशात बदल दिसत नाही. ताकद खरोखरच वाढलेली असते. आधी मज्जासंस्था असलेले स्नायू नीट कामाला लावायला शिकते, स्नायूंचा आकार नंतर वाढतो. स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे याहून सावकाश घट्ट होतात. जोशात आलेला चाहता नेमका या काळात जास्तीचं वजन उचलतो, आपल्यापेक्षा जड जोड धरतो आणि खांदा किंवा गुडघा दुखावून घेतो. खूप सामने बघितलेल्यांना हा धोका जास्त, कारण डाव डोळ्यात बसलेला असतो आणि अंगाला मात्र तो माहीत नसतो.

मोडलेल्या कानांचं अनेकांना आकर्षण वाटतं. घासून किंवा मार लागून कानाची कूर्चा आणि तिच्यावरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठतं, वेळेत काढलं नाही तर तिथं गाठ धरते आणि कान कायमचा आकसतो. कान सुजल्यावर लगेच डॉक्टरांकडे गेलं तर तो वाचू शकतो. अंगाला अंग लागत असल्यानं नायटाही पटकन पसरतो. नखं कापलेली, लंगोट आणि टॉवेल स्वतःचा, सरावानंतर लगेच अंघोळ, आणि चट्टा दिसला तर बरा होईपर्यंत लढत बंद, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

खुराकाबद्दल एकच सांगतो. दूध, अंडी, डाळ, मटण, बदामाची थंडाई जे परवडेल ते खा, पण लवकर तयार होण्यासाठी कुणी इंजेक्शन देऊ केलं तर तिथून उठून या. मेफेंटरमाइन हे शस्त्रक्रियेत घसरलेला रक्तदाब वर आणायचं औषध आहे, दम वाढवायची गोष्ट नाही. हृदयाला त्याचा धोका आहे आणि स्पर्धेत त्यावर बंदी आहे. पोरांच्या हातात ती बाटली बघितली की माझ्या जिवाचं पाणी होतं.

जोश उतरायच्या आत

पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं दाखवलं की ‘मी व्यायाम करणार’ या निश्चयापेक्षा ‘अमुक वेळ झाली की अमुक ठिकाणी अमुक करणार’ असं ठरवलेलं जास्त पार पडतं. कारण तेव्हा निर्णय घ्यावा लागत नाही, वेळ झाली की पाय निघतात. म्हणून मैदान संपल्यावर, गाडी काढायच्या आधीच ठरवा: सोमवारी दूध आणायला बाहेर पडलो की पिशवी घरी टाकून थेट तालमीत, आणि सोबत अमका. हा अमका फार महत्त्वाचा. ज्याच्याबरोबर मैदान बघितलं त्यालाच बरोबर घ्या. तालमीत रोज तुमची वाट बघणारा एक जोडीदार असला की थंडीतही पांघरूण सुटतं.

वय झालंय म्हणून मागं राहू नका, पण अपेक्षा बदला. पस्तिशी-चाळिशीतल्या माणसानं रक्तदाब, साखर आणि हृदय तपासून घ्यावं, वस्तादांना आपलं वय आणि जुनी दुखणी सांगावीत आणि पहिले काही महिने लढत न करता मेहनतीवर काढावेत. माती नको असेल तर मॅट आहे, बॉक्सिंग आहे, ज्यूदो आहे. मॅटवरच्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात. सहा मिनिटं ऐकायला थोडी वाटतात, एकदा उभं राहून बघा.

मुलींसाठी वाट अजून अवघड आहे. जुन्या आखाड्यांत त्यांना मातीत पाय ठेवू देत नसत. महिला कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली ती २००४ मध्ये, अथेन्सला, आणि २०१६ मध्ये रिओत साक्षी मलिकनं कांस्य जिंकलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुलीही आता आंतरराष्ट्रीय मॅटपर्यंत गेल्या आहेत. बांडुराची आपल्यासारखं कुणीतरी दिसण्याची अट इथं सगळ्यात जास्त लागू होते. जत्रेच्या मैदानात पोरींची कुस्ती लागली की पुढच्या ओळीत आजीच्या मांडीवर बसलेली चिमुरडी उभी राहते, मी ते बघितलंय. अशा मुलीचे आई-बाबा असाल तर प्रवेश घ्यायच्या आधी एकदा सरावाच्या वेळी न सांगता जाऊन या. वस्ताद लढतीवर लक्ष ठेवून असतात का, वजन बघून जोड लावतात का, पडायचं कसं ते आधी शिकवतात का, मुलींना कपडे बदलायला वेगळी खोली आहे का आणि तिच्या वयाच्या दोन-चार मुली तिथं आधीपासून येतात का, एवढं बघून घ्या.